देगलूरच्या कोठीत रेडॉनचं मीटर

घरातल्या हवेतला रेडॉन, म्हणजे दगड-मातीतल्या युरेनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी वायू, मोजायचं सेलवर चालणारं मीटर मागवलं. कस्टमसकट 17,000 रुपयांना पडलं. विकणाऱ्याच्या जाहिरातीत होतं, 'अणुकचऱ्याच्या किरणोत्साराचा तुमच्या कुटुंबावर होणारा दीर्घकालीन परिणाम जाणून घ्या.' मीटर चांगलं आहे, जाहिरात थाप आहे.

हवा आपसूक आतल्या डबीत शिरते, रेडॉनचा अणू फुटला की अल्फा कण सेन्सरवर आदळतो, आणि यंत्र ते मोजत बसतं. पंखा नाही, आवाज नाही, लोडशेडिंगचं टेन्शन नाही. मीटरच्या ॲपमध्ये आधी पिकोक्युरी हे अमेरिकी एकक लावलेलं येतं, ते बदलून बेकरेल (सेकंदाला किती अणू फुटतात ते सांगणारं एकक) करा. त्यांचा लिटरला 4 म्हणजे आपला घनमीटरला 148.

आमच्या देगलूर-बिलोली पट्ट्यात ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे. लातूरकडं सगळा काळा पाषाण, त्यात युरेनियम फारच कमी; ग्रॅनाइटमध्ये त्यामानानं बरंच जास्त. म्हणून मुद्दाम जुन्या वाड्यातल्या बिनखिडकीच्या कोठीत, ज्वारीच्या पोत्यांमध्ये स्टूल टाकून मीटर ठेवलं, भिंतीला न चिकटवता. माय दारातून बघून म्हणाली, "काय मोजायलास रे, उंदरं का?" हिवाळ्यात दार बंद असताना सरासरी 200 च्या वर गेली. ओसरीवर तेच मीटर 50 च्या खाली. लातूरला बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये 20 च्या आसपास घुटमळत राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्ये 100 ची पातळी सुचवली, तेवढं जमत नसेल तर 300 च्या वर जाऊ देऊ नका म्हणाली. म्हणजे कोठीत कुणी झोपत नाही हे बरंच.

पहिल्या दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. सकाळी एक, दुपारी दुसराच. रात्री गार हवेत दारं लावली की चढतो, दुपारी वारं सुटलं की उतरतो. दीर्घ सरासरीचा रकाना तेवढा कामाचा.

माझी खरी तक्रार ॲपच्या लाल-हिरव्या रंगांवर आहे. 2005 साली युरोपातल्या 13 अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. दर 100 बेकरेलमागं फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका साधारण 16 टक्क्यांनी वाढतो, असं त्यात निघालं. पण कशाच्या 16 टक्के? आयुष्यात कधी बिडी न ओढलेल्याला रेडॉन नसताना पंचाहत्तरीपर्यंतचा धोका 1000 त 4, आणि 100 बेकरेलला 1000 त 5. ओढणाऱ्याचा 100 त 10 वरून 12. मायला आणि आमच्या बिडीबहाद्दर काकांना ॲप एकच लाल दाखवतं. काकांना मी सांगितलं, आधी बंडल फेका, मग मीटर बघू. ते ॲपवर रुसले, माझ्यावर नाही.

आता अणुकचऱ्याचं. वर्गात पोरं दर वर्षी विचारतात, झारखंडमधल्या जादुगोड्याच्या युरेनियम खाणीचं काय? अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनातून रेडॉन निघतो असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यातून तो नगण्य येतो, कारण रेडॉन ज्यातून जन्मतो ते रेडियम इंधन बनवतानाच मागं राहिलेलं असतं. ते राहतं खाणीजवळच्या गाळाच्या तळ्यात. युरेनियम काढून घेतलं तरी धातुकातला सुमारे 85 टक्के किरणोत्सार त्या गाळातच उरतो. रेडॉनचा अर्धायुकाल (निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ) 3.8 दिवस, त्याचा बाप रेडियम 1,600 वर्षं, आणि रेडियमचा बाप थोरियम-230 साधारण 75,000 वर्षं. आजा जिवंत आहे तोवर नातू जन्मत राहणार.

मग किती माणसं आजारी पडतील? तळ्यावर मातीचं जाड आवरण घातलं तर बहुतेक रेडॉन वर यायच्या आतच विरतो. पण ते आवरण किती शतकं टिकेल, हे गृहीत धरावं लागतं. हिशेब 100 वर्षांवर थांबवा, आकडा इवलासा येतो. 1,00,000 वर्षं धरा, आणि तोच इवलासा डोस पुढच्या अब्जावधी माणसांवर गुणा, हजारो मृत्यू कागदावर उभे राहतात. अणुऊर्जेच्या बाजूचे आणि विरोधातले, दोन्हीकडचे लोक आपल्याला हवी तिथं रेघ मारतात. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगानं 2007 च्या शिफारशींत म्हटलंय की असे क्षुल्लक डोस फार मोठ्या लोकसंख्येवर आणि फार लांब काळावर बेरजून मृत्यूंचं भाकीत करू नये. मला ते पटतं. तळ्याजवळच्या वस्तीतली हवा मात्र आज मोजलीच पाहिजे, आणि तिथं असलं मीटर कामाचं आहे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा मराठी माहितीपत्रक नाही म्हणून कापला, एक त्या रंगांसाठी. लातूर-बीडकडं, वरच्या मजल्यावर राहत असाल तर पैसे वाया घालवू नका. आमच्याकडं ग्रॅनाइटवर, तळमजल्याला बंद खोली असेल तर चार घरांत मिळून एक घ्या. कोठीला आम्ही वर-खाली दोन झरोके पाडले, सरासरी 80 वर आली. सेल बदलले की आधीची सरासरी पुसली जाते, तेव्हा वहीत उतरवून ठेवा.