पुण्याचा पिनकोड मी वाचला होता, तरी पैसे पाठवले

शिष्यवृत्तीच्या नावाखाली आमची फसवणूक झाली. त्यात गेलेले आकडे आधीच सांगते, कारण चार महिने मी ते भाऊ सोडून घरच्यांपासूनही लपवले. ३ लाख ५० हजार शिलिंग, मग १४ लाख ८० हजार शिलिंग, आणि शेवटी सांगलीच्या माझ्या भावाच्या खात्यातून ४८,५०० रुपये. युगांडाचे शिलिंग रुपयांत केले तर सगळं मिळून नव्वद हजारांच्या घरात जातं. त्यातले ६ लाख शिलिंग तर माझे नव्हतेच. एका म्हातारीने गाय विकून दिलेले होते.

मी अकरा वर्षं कंपालात राहते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा भाचा राकाई जिल्ह्यातला. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या त्याच भागात १९८२ च्या सुमारास देशातले एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले, आणि पुढे आजीने नातवंडं वाढवणं तिकडे घरोघरचं झालं. या पोराचेही आईवडील लहानपणीच गेले. आजीने, तिकडे जाज्जा म्हणतात, मटोकेची केळी विकून त्याला एस-सिक्सपर्यंत, म्हणजे आपल्या बारावीपर्यंत शिकवलं. मार्क उत्तम होते, पण कंपालातल्या मकेरेरे विद्यापीठाची फी भरायला कुणी नव्हतं.

चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात आली: अनाथ आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारत सरकारची पूर्ण शिष्यवृत्ती. पुढचं कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिस, टेबलावर तिरंगा, भिंतीवर विमानतळावरच्या मुलांचे फोटो. तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर इंडियन, तुम्हाला सगळं माहीतच असणार." आणि मला माहीत नाही, हे मी म्हणाले नाही. पोराची मावशी शेजारी बसली होती, माझ्याकडे भरवशाने बघत होती. तिच्यासमोर मला ते म्हणवेना.

आज माहीत आहे ते लिहून ठेवते. परदेशी विद्यार्थ्यांना भारत सरकारच्या अशा शिष्यवृत्त्या आयसीसीआर, म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद देते, ही संस्था १९५० पासूनची आहे. अर्ज त्यांच्या ए-टू-ए पोर्टलवर विद्यार्थी स्वतः भरतो, पाच विद्यापीठं निवडतो, ५०० शब्दांचा इंग्रजी निबंध लिहितो, आणि अर्जाला एक पैसाही लागत नाही. एजंट लागत नाही. "नोंदणी फी" हा शब्द ऐकला की तिथूनच उठा.

मी उठले नाही. ३ लाख ५० हजार मोबाइल मनीने पाठवले. पाठवण्याआधी स्क्रीनवर घेणाऱ्याचं नाव येतं. समोर बसलेला पुरुष, आणि नाव एका बाईचं. "आमच्या अकाउंटंट आहेत," म्हणाला. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवू नका, मग समोरचा काहीही सांगो.

तीन आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं, पुण्यातल्या एका कॉलेजच्या नावाने. जाड कागद, सोनेरी शिक्का, दोन सह्या. पोरगा इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी पत्ता वाचला: पुणे ४०० ००७.

मी पुण्यात तीन वर्षं शिकले आहे. घरी टाकलेल्या प्रत्येक पत्रावर माझ्या पत्त्यात स्वतःच्या हाताने ४११ लिहिलं आहे. ४०० मुंबईचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. माझं बोट त्या आकड्यावर थांबलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. टायपिंगची चूक असेल म्हटलं, आणि पुढे वाचत गेले. त्याने विचारलं, "न्याबो, पुण्यात थंडी असते का?" आणि मी त्याला स्वेटरबद्दल सांगत बसले. पुण्याबद्दल बोलायला मिळालं म्हणून मला आनंद झाला होता. तो आनंद नसता, तर मी त्या आकड्यापाशी थांबले असते.

व्हिसाच्या नावाखाली १४ लाख ८० हजार गेले, त्यातच जाज्जाची गाय. मग हॉस्टेलची अनामत म्हणून भारतातल्या खात्यात ४८,५००. भारतातलं खातं आहे म्हणजे खरंच असणार, हा माझा हिशेब. मला भोळी म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की माझ्याच देशाचं खातं, माझ्याच शहराचं नाव आणि माझ्याच सरकारचा शिक्का समोर ठेवला होता. नंतर कळलं, कंपालात नासर रोडवर छपाईची दुकानं ओळीने आहेत आणि खोट्या कागदपत्रांसाठी तो रस्ता बदनाम आहे. अकरा वर्षं मी त्याच रस्त्याने बाजाराला जाते आहे.

ऑफिसला कुलूप लागलं तेव्हा कंपालातल्या पोलीस ठाण्यात गेले. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी तपासाला जायचं तर गाडीच्या पेट्रोलचे पैसे मागितले. मोबाइल कंपनीच्या काउंटरवर सांगितलं, पैसे काढले गेलेत, नाव सांगायला कोर्टाचा आदेश आणा. भारतात भावाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पण पैसे जाऊन तोवर सव्वीस दिवस झाले होते. पहिल्याच तासात केला असता तर खातं गोठवण्याची आशा तरी असती. पुढे तो ठाण्यात गेला, तर गुन्हा युगांडात घडलाय, तिकडे द्या. कंपालातले म्हणतात खातं भारतात आहे, तिकडे द्या. १ जुलै २०२४ पासून भारतातल्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, १७३ कलमानुसार हद्द कुठलीही असो, अशा गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. भावाने कलम दाखवलं तर हवालदार म्हणाला, "वकील आहात का?" भाऊ अर्धा दिवस बाकावर बसून परत आला. पुन्हा गेला, पुन्हा बसवला. चोराने मला सहा आठवड्यांत लुटलं, आणि यांना एक कागद लिहून घ्यायला चार महिने पुरले नाहीत! ज्यांच्याकडे कलम सांगणारा भाऊ नाही, त्यांनी कुठे जायचं?

आणि मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही हातात देऊ नका. आम्ही "पडताळणीसाठी" दिलं, ते गेलं. पैशांपेक्षा ते जास्त जिव्हारी लागलं आहे.

गेल्या महिन्यात राकाईला जाऊन जाज्जाचे ६ लाख परत दिले. तिने नोटा दोनदा मोजल्या, पदराआड ठेवल्या आणि मला विचारलं, "म्हणजे पोरगा बुयिंदीला जाणार नाही?" भारताला ते बुयिंदी म्हणतात. पुढच्या वर्षी पोर्टल उघडलं की पुन्हा भरू, असं मी म्हणाले. पोराच्या मावशीने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हातारी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, आणि मग आत जाऊन केळीचा घड घेऊन आली.