लांग्झातलं होमस्टे : दोन मुक्काम, दोन सायकली

आधीच सांगते, घराचं नाव लिहिणार नाही. मालकीणबाईंनीच नको म्हटलंय. चार खोल्या आहेत. गर्दी वाढली तर मटार कोण तोडणार, हा त्यांचा सवाल. पण लांग्झात (हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं उंचावरचं गाव) बहुतेक घरं थोड्याफार फरकाने अशीच आहेत, त्यामुळे वाचून उपयोग होईल.

मी आणि माझी वहिनी सिमल्याहून किन्नौरमार्गे सायकलने स्पितीत शिरलो. नाको, ताबो, काझा असं हळूहळू उंच जात. मनालीकडून आलं तर अंतर वाचतं, पण शरीराला सवय व्हायला दिवस मिळत नाहीत, म्हणून आम्ही लांबची वाट धरली. काझात दोन रात्री काढल्या आणि मग लांग्झाचा चढ घेतला. अंतर पंधरा-सोळा किलोमीटरच, पण गाव ४,४०० मीटरवर. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट एका दमात चढणारी मी इथे दहा पेडल मारून थांबत होते. शेवटचे दोन किलोमीटर सायकल ढकलली, लाज कसली!

दारात पोचलो तर आमा (सगळे त्यांना आमाच म्हणतात) आधी सायकलींकडे वळल्या. 'बाहर नहीं, रात को पाला (गोठलेलं दंव) पड़ेगा,' म्हणत दोन्ही सायकली पिशव्यांसकट आत बोळात घेतल्या. वाटेत एका हॉटेलात सायकल रात्रभर पावसात भिजली होती, त्यामुळे इथेच माझे अर्धे मार्क देऊन झाले.

खोली साधी. जाड मातीच्या भिंती, छोटी खिडकी, अंगावर घेतल्यावर कूस बदलता येणार नाही इतकी जड रजई. खिडकीतून चाऊ चाऊ कांग निल्दा हे शिखर, ६,३०३ मीटर, सकाळी साडेपाचला गुलाबी. पण खरं घर म्हणजे स्वयंपाकघर. मधोमध पत्र्याची चूल, तिला तिकडे तंदूर म्हणतात. त्यात शेणी आणि लाकडं, भिंतीलगत गालिचे, पुढे बुटकी टेबलं. सगळे तिथेच बसतात, घरचे काय आणि पाहुणे काय.

मिठाचा लोणी घातलेला चहा येतो. एक घोट घेतला की आमा कप पुन्हा काठोकाठ भरतात. पहिल्या संध्याकाळी मी सभ्यपणे पीत राहिले आणि सात वेळा भरून घेतला. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या ध्यानात आलं: भरलेला कप तसाच ठेवायचा आणि उठताना एकदम संपवायचा.

जेवणात थुक्पा (शेवया घातलेलं सूप), दुसऱ्या रात्री टिंग्मो (वाफवलेला पाव) आणि मटार-बटाट्याची भाजी. मटार त्यांच्याच शेतातला. आम्ही गेलो तेव्हा सप्टेंबरची सुरुवात, शेवटची तोडणी चाललेली. खाली मैदानात मटार नसतो तेव्हा इथला तयार होतो, म्हणून भाव मिळतो. पूर्वी जव आणि काळा वाटाणाच असायचा, असं आमा म्हणाल्या. आता रोख पैसा मटारचा, आणि बर्फ कमी पडला की शेताला पाणी नाही. त्यांचे धाकटे दीर 'की' नावाच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, लामा आहेत. जमीन थोरल्याकडे आणि धाकटा गोम्पात, अशी तिकडची जुनी रीत. आम्ही दोघींनी तासभर शेंगा तोडल्या, वाकून वाकून दम लागला. आमांनी आमचं नातं विचारलं. नणंद-भावजय म्हटल्यावर हसत सुटल्या, 'इतने दिन साथ में, और लड़ाई नहीं?' वहिनी म्हणाली, 'चढ़ाई में साँस ही नहीं बचती.'

आता तक्रारी. रात्रीचं जेवण नऊला. दिवसभर पेडल मारलेल्या माणसाला सातलाच भूक लागते, तेव्हा आल्या आल्या सांगून ठेवा. चार्जिंगचा पॉइंट अख्ख्या घरात एकच, त्यावर रांग. बुकिंग करताना गिझर सांगितला होता, मिळाली बादली. बादलीभर गरम पाणी पुरलं, तो भाग वेगळा, पण मग गिझर म्हणू नये. संडास कोरडा: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, वर दोन फावडी माती टाकायची. वास अजिबात नाही, पुढे तेच खत शेतात जातं. अडचण फक्त गुडघ्यांची. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास सायकल चालवून उकिडवं बसायचं म्हणजे काय, ते तिथेच कळतं.

माणशी रोज १,२०० रुपये, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरून. घासाघीस केली नाही, तुम्हीही करू नका. शाळिग्रामासारखे दिसणारे जीवाश्म मुलं विकायला आणतील. कधीकाळी इथे समुद्र होता त्याच्या त्या खुणा. विकत घेऊ नका. पोरांशी बोलायचं असेल तर सायकलची घंटी वाजवायला द्या, अर्धा तास जातो.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो नऊच्या जेवणासाठी आणि त्या गिझरसाठी.

जाता जाता, साताऱ्याहून जपून नेलेले कंदी पेढे आमांना दिले. त्यांनी एक तोंडात टाकला, चघळला, 'मीठा बहुत है' म्हणून डबा बाजूला सरकवला. निघताना बोळातून सायकल काढायला गेले तर त्यांच्या सासूबाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यात दोनच पेढे उरले होते.