रंगवून परत बसवलेला माझाच कंप्रेसर

माझ्या पिकअप गाडीला बरीच वर्षे झाली आहेत. तिच्या एसीला एक खोड लागली होती. सकाळी हवा चांगली गार यायची, पण तासाभराच्या प्रवासाने इंजिन पुरते तापले की एकदम गरम वारा सुरू व्हायचा, आणि गाडी काही वेळ बंद ठेवून पुन्हा सुरू केली की सगळे पूर्ववत. गॅरेजमध्ये मी हे लक्षण याच शब्दांत सांगितले होते. त्याचा अर्थ तिथल्या मेकॅनिकला त्याच क्षणी कळला होता असे आज मला वाटते, आणि म्हणूनच माझा राग अजून गेलेला नाही.

गाडी तापून एसी बंद पडलेला असताना, इंजिन चालू ठेवून त्याने दाब मोजणारा गेज एसीला जोडला आणि मला जवळ बोलावून दोन्ही काटे दाखवले. कमी दाबाचा आणि जास्त दाबाचा, दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचे एकक) थोडे वर, जवळजवळ एकाच आकड्यावर होते. "कंप्रेसर प्रेशरच बनवत नाही, बसला आहे," असे तो म्हणाला. काटे डोळ्यांसमोर असल्याने मी विश्वास ठेवला.

वास्तविक त्या वेळी कंप्रेसर, म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप, फिरतच नव्हता. बेल्टवरची पुली इंजिनबरोबर सतत फिरत असते, परंतु तिच्या पुढची क्लचची चकती चुंबकाने ओढली जाऊन पुलीला चिकटली, तरच आतला दांडा फिरतो. चकती स्थिर असेल तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होणारच, आणि तो किती असेल हे गॅसच्या तापमानावर ठरते. एसीतल्या आर-१३४ए गॅसचा दाब ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय असतो. म्हणजे मला दाखवलेल्या काट्यांवरून फार तर गॅस पुरता संपलेला नाही एवढेच कळत होते. चकती फिरताना दिसत असूनही काटे एकमेकांपासून दूर जात नसतील, तेव्हा कंप्रेसरवर संशय घेण्यास कारण असते. मी काट्यांकडे पाहत राहिलो, चकतीकडे पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माझा म्हणून एक काळवंडलेला कंप्रेसर आणि ट्रेमध्ये काढलेले तेल दाखवले. तेलात चांदीसारखा चुरा चमकत होता. मी तो चिमटीत चोळून पाहिला, तर बारीक वाळूसारखा खरखरीत लागला. त्यानंतर शंका घेण्याचे धैर्यच उरले नाही. पण बिलात नवा कंप्रेसर, गॅस आणि मजुरी एवढेच होते, आणि तिथेच मी सावध व्हायला हवे होते. कंप्रेसर आतून खरोखर झिजला असेल तर तो चुरा पाइपांतून गॅस थंड करणाऱ्या कंडेन्सरपर्यंत पोहोचतो. मग पाइप धुणे, ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे, कंडेन्सर आणि गॅसचा प्रवाह आवरणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तपासणे टाळता येत नाही, नाहीतर नवा कंप्रेसरही त्याच चुऱ्याने खराब होतो. चुरा दाखवणाऱ्याने ड्रायरला हातही लावला नव्हता, कारण तो चुरा माझ्या गाडीतला नव्हताच.

दोन महिन्यांत गारवा पुन्हा ओसरला. या वेळी मी दुसऱ्या मेकॅनिककडे गेलो. गॅस बराच कमी झाला होता आणि त्यामुळे प्रेशर स्विच क्लचला वीजच जाऊ देत नव्हता. त्याने गळती शोधण्याचा रंग गॅसमध्ये मिसळून खास दिवा धरला, तेव्हा कंप्रेसरच्या पाइपजोडाशी पिवळसर हिरवी रेघ उजळली. जोड उघडल्यावर चपटी झालेली, कडक पडलेली जुनी ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, निघाली. नवा कंप्रेसर बसवताना हीच का ठेवली, असे त्याने मला विचारले आणि मग तो कंप्रेसरच न्याहाळू लागला. काळा रंग नंबरच्या पट्टीच्या कडेवरून ओघळून पट्टीवरही आला होता. थिनरच्या फडक्याने पुसल्यावर खालचे आकडे दिसू लागले. पूर्वी बेल्ट बदलताना तो कसा ओवला आहे हे लक्षात राहावे म्हणून मी फोटो काढला होता; तो मोठा करून पाहिला, तर आकडे तेच होते.

मूळ दोष क्लचचा होता. झिजेमुळे चकती आणि पुली यांच्यातली फट वाढते. ती बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. तापल्यावर क्लचच्या चुंबकातल्या कॉइलचा रोध वाढून चुंबक क्षीण होतो आणि वाढलेली फट ओलांडून चकती ओढू शकत नाही. अशा वेळी कॉइलपर्यंत १२ व्होल्ट पोहोचत असूनही चकती हलत नाही. वीजच पोहोचत नसेल, तर दोष फ्यूज, रिले, प्रेशर स्विच किंवा वायरिंगमध्ये शोधावा लागतो. माझ्या क्लचच्या मधल्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते आणि फट मात्र अगदी मापात होती. पहिल्या मेकॅनिकने आतली एक पातळ वॉशर काढून खरा दोष गुपचूप दुरुस्त केला होता आणि पैसे कंप्रेसरचे घेतले होते.

फोटो आणि पट्टीवरचा नंबर घेऊन मी त्याच्याकडे गेलो. आधी त्याने नंबर सगळ्यांचे सारखेच असतात असे सांगितले, मग आपल्या माणसाची चूक झाली म्हणाला, आणि बऱ्याच वादानंतर कंप्रेसरची निम्मी रक्कम परत केली. दुसऱ्या मेकॅनिकने ओ-रिंग आणि ड्रायर बदलले, पाइपांतली हवा ओढून व्हॅक्यूम करून तो टिकतो का हे अर्धा तास पाहिले आणि मगच मोजून गॅस भरला. बसला म्हणून सांगितलेला तो कंप्रेसर आजही त्याच गाडीत, त्याच काळ्या रंगासह चालू आहे.