भांडी बाजारामागच्या बोळातली मिसळ

रात्रपाळी सातला संपते. चार्ज देऊन, कपडे बदलून हॉस्पिटलच्या बाहेर पडेपर्यंत साडेसात होतात. तेव्हा जी भूक लागते ती रात्रपाळी केलेल्यालाच कळेल. तोंड कडवट झालेलं असतं, पाय भरून आलेले असतात आणि घरी जाऊन कांदा चिरायचं त्राण नसतं. 2003 पासून अशा सकाळी मी नाशिकच्या भांडी बाजारामागच्या एका बोळातल्या हॉटेलात मिसळ खाते. पाटीवरची अक्षरं कधीच पुसून गेलीत, त्यामुळे नाव विचारू नका. तांब्या-पितळेची दुकानं संपली की बोळात शिरायचं आणि मसाल्याचा वास येईल तिकडे जायचं.

जुन्या वाड्याचा तळमजला आहे, दोन पायऱ्या उतरून आत जावं लागतं. सात टेबलं, वर संगमरवरी फरशी, कडांचे टवके उडालेले. गल्ल्यामागच्या भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीवर निळी रेघ मारलेली आहे. 2 ऑगस्ट 2016 ला गोदावरीचं पाणी तिथवर चढलं होतं. नाशिककर पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, पाणी तिच्या कुठवर चढलं ते बघून. मी या रेघेवर मोजते.

आता मिसळ. ताटलीत मोडाची मटकी, वर शेव-फरसाण, बारीक कांदा, लिंबाची फोड, भाजलेला पापड, वाटीत दही आणि वेगळ्या वाटीत रस्सा. रस्सा काळ्या मसाल्याचा. कांदा आणि सुकं खोबरं करपायच्या अगदी अलीकडे आणून उतरवतात. एक सेकंद पुढे गेलं की कडू, आणि आधी थांबलं की नुसतं तपकिरी पाणी. त्यात दगडफूल जरा हात सैल सोडून घालतात, ते पहिल्या घासालाच कळतं. आचाऱ्याचा हात बघण्यासाठी मी मुद्दाम भटारखान्याच्या दाराजवळ बसते. 'तर्री मारून' म्हटलं की तो पळी आडवी धरून पातेल्यावर नुसती फिरवतो आणि लाल तेल अलगद उचलतो. 'कमी तिखट' म्हटलं की पळीच्या पाठीने तर्री बाजूला सारतो आणि खालचा रस्सा काढतो. एकाच पातेल्यातून दोन चवी, वेगळं काही शिजवायला नको.

तिखट लागलं तर पाणी पिऊ नका. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, पाण्याबरोबर ते तोंडभर पसरतं. दह्यातलं केसिन हे प्रथिन मात्र त्याला धरून ठेवतं. शेजारच्या टेबलावर पाहुणे माणसं डोळे पुसत गटागटा पाणी पिताना दिसली की मी उठून सांगते, दही खा.

गंगापूर रोडला आणि मखमलाबादकडे झाडांखाली, झोपाळ्यांसकट मोठमोठी मिसळीची ठिकाणं झालीत. माझ्या लेकीला ती आवडतात आणि मीही सुट्टीच्या दिवशी आनंदाने जाते. पण दुपारपर्यंत रस्सा चुलीवर राहिला की तो आटतो, मसाला जड होतो. इथे पहाटे एक पातेलं होतं आणि दहाच्या सुमारास संपतं. संपलं की संपलं, पाणी घालून वाढवत नाहीत. माझा जीव या हॉटेलावर आहे तो याच्यासाठी.

हे हॉटेल मला वडिलांनी दाखवलं. ते बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात भाजी घेऊन यायचे, माल उतरवला की इथे एक मिसळ, दोन पाव. पुढे नोकरी लागल्यावर मी पहिल्यांदा एकटी आले तेव्हा पोऱ्याने मला थेट मागच्या फॅमिली रूममध्ये नेलं. पडदा, मिणमिणता दिवा, पंखा बंद. मी म्हटलं, मला बाहेर बसायचंय. पोऱ्या गोंधळला. गल्ल्यावरच्या आप्पांनी मान वर केली आणि म्हणाले, "बसा ना ताई, कुठेही बसा." खांबाजवळचं टेबल त्यांनी स्वतः फडक्याने पुसून दिलं. आज त्या खोलीत कांद्या-बटाट्याची पोती आहेत आणि सकाळी बाहेर निदान चार-पाच बायका एकट्या बसून खाताना दिसतात.

तक्रार एकच, पावाची. मागच्या महिन्यात दोनदा कालचा पाव मिळाला, कडेला वातड. सांगितल्यावर मालकांनी वाद घातला नाही, बेकरीचा मुलगा येईपर्यंत थांबा म्हणाले. पण तोवर रस्सा निवला. बदलून दिला त्यांनी तो, तरी रात्रभर उभं राहिलेल्या माणसाला ती पंधरा मिनिटं फार जातात. पाव सव्वासातच्या आत यायलाच हवा, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

मिसळ 80 रुपये, त्यात दोन पाव. रस्सा पुन्हा मागितला तर पैसे नाहीत. चहा कपबशीत येतो, 15 रुपये, आलं ठेचून घातलेला. गाडी बोळात आणू नका. एकादशीला मिसळ होत नाही, साबुदाण्याची खिचडी असते. तीही चांगली आहे, पण त्या दिवशी मी सरळ घरी जाऊन झोपते.