ताणाच्या काळानंतर वजन उतरवताना: दोन वेळचे जेवण, आहारतज्ज्ञांचा आराखडा की इंजेक्शन?

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढचे 14 महिने रुग्णालयाच्या फेऱ्या, फिजिओथेरपी आणि रात्रीची जागरणे यांत गेले. त्या काळात माझे वजन 9 किलोंनी वाढले. सकाळी काही न खाता मी घर सोडत असे, दिवसभरात कॅन्टीनचा दोन चमचे साखरेचा चहा पाच-सहा वेळा होई, आणि रात्री साडेदहाला घरी परतल्यावर पातेल्यातला गार भात उभ्याउभ्याच संपवला जाई. नुसत्या त्या चहातून रोज 50 ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे सुमारे 200 कॅलरी पोटात जात होत्या. वडील काठी घेऊन चालू लागले, तेव्हा स्वतःकडे पाहायला मला सवड मिळाली आणि कोणता मार्ग धरावा हा प्रश्न उभा राहिला. अशाच वळणावर असलेल्यांसाठी तीन मार्गांची ही तुलना आहे.

कोणत्याही योजनेआधी झोपेचा विचार व्हायला हवा, कारण त्याच्याशिवाय बाकीची तुलना अपुरी राहते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, कमी कॅलरींचा सारखाच आहार घेणाऱ्या 10 जणांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली होती. वजन दोन्ही वेळा जवळपास तेवढेच उतरले. मात्र पुरेशा झोपेत चरबी 1.4 किलो घटली आणि अपुऱ्या झोपेत 0.6 किलो. उरलेली घट मुख्यतः स्नायूंसारख्या ऊतींतून झाली, शिवाय भूकही वाढली. ज्यांची जागरणे अजून सुरू आहेत, त्यांनी महिनाभर फक्त झोप आणि जेवणाच्या वेळा सावराव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा होते ती दिवसातून दोनदाच जेवण्याच्या पद्धतीची. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवली. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचे, मधल्या काळात पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढेच घ्यायचे आणि रोज 45 मिनिटे चालायचे, असा तिचा गाभा आहे. तिचे बळ तिच्या साधेपणात आहे. वजनकाटा नको, नोंदवही नको, वेगळा स्वयंपाक नको आणि खर्चही नाही. वर्षभर दुसऱ्यांसाठी निर्णय घेऊन थकलेल्या माणसाला असा एकच सरळ नियम मोठा आधार देतो.

तरीही मी तो निवडला नाही. दिवसभर उपाशी राहून रात्री ताटावर तुटून पडण्याची सवय मला ताणातूनच लागली होती, आणि 55 मिनिटांची मर्यादा पाळूनही ती सवय तशीच चालू राहिली असती. वेळेचे बंधन स्वतःहून किती काम करते, याबद्दल एक अभ्यास उपयोगी आहे. चीनमधील ग्वांगझू येथे लठ्ठपणा असलेल्या 139 जणांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सर्वांच्याच कॅलरी मर्यादित केल्या होत्या. निम्म्या लोकांनी सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्याच वेळेत खायचे होते. वर्षाअखेरीस वेळ पाळणाऱ्यांचे वजन सरासरी 8 किलोंनी, तर इतरांचे 6.3 किलोंनी घटले, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ही चाचणी दोन जेवणांच्या पद्धतीची नव्हती; तरी ताटात काय आणि किती आहे याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, एवढे तिच्यावरून समजते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जेवणांतले अंतर वाढवूच नये, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

आहारतज्ज्ञांच्या आराखड्याला पैसे लागतात, चिकाटी लागते आणि त्याचे फळ उशिरा दिसते. पण त्याच्या पाठीशी भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात 7 टक्के वजन उतरवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट होते, आणि मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. त्यात पहिल्या 24 आठवड्यांत मार्गदर्शकाबरोबर 16 पाठ होते, आणि मला वाटते खरा फरक तिथेच पडतो. छापील तक्ता हातात ठेवून महिन्याने बोलावणाऱ्या ठिकाणी जाऊ नये. मला भेटलेल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत तक्ता दिलाच नाही. घरी किती वाजता पोहोचता, स्वयंपाक कोण करते, रात्री कशासाठी उठावे लागते, हे विचारले. मग त्यांनी दोनच बदल सुचवले: सकाळी निघण्यापूर्वी मुगाची दोन धिरडी आणि दही, आणि रात्रीच्या ताटात भात वाढण्याआधी अर्ध्या ताटात भाजी व कोशिंबीर. पोळ्या मोजण्याची गोष्ट पाचव्या आठवड्यात निघाली.

भूक मंदावणाऱ्या औषधांच्या इंजेक्शनांचा मार्ग भारतात मार्च 2025 मध्ये टिर्झेपॅटाइड आणि जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन आल्यापासून खुला झाला. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन घटले, जे वरच्या दोन्ही मार्गांनी सहसा साधत नाही. परंतु औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश वजन परत आले. लठ्ठपणामुळे मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांशी हा विषय अवश्य काढावा. ताणाच्या वर्षात चढलेल्या आठ-दहा किलोंसाठी आणि इतर आजार नसताना, मी तिथून सुरुवात करणार नाही.

ज्यांची दिनचर्या स्थिर आहे, झोप पुरेशी आहे आणि ज्यांना मोजमापाचा कंटाळा आहे, त्यांना दोन जेवणांची पद्धत सोयीची पडेल. ज्यांचे खाणे दुःखाशी, चिंतेशी किंवा एकटेपणाशी जोडले गेले आहे, त्यांनी पैशांची सोय करून का होईना, माणसाशी बोलण्याचा मार्ग घ्यावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर वजन उतरवणे थोडे थांबू शकते; आधी मदत घ्यावी. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मार्ग कोणताही असो, आधी एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर) आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, आणि ताणाच्या काळात सुरू झालेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत, कारण स्टेरॉइड आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वजन वाढते. त्या स्वतःहून मात्र बंद करू नयेत. कंबरेचा घेरही टेपने मोजून लिहून ठेवावा. भारतीयांसाठी पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. माझा घेर सुरुवातीला 91 होता. सहा महिन्यांत वजन 5 किलोंनीच उतरले, पण टेप 84 वर आला, आणि रात्री साडेदहाचा भात आता साडेआठला, वडिलांच्या शेजारी बसून खाल्ला जातो.