गौरीताई स्वतः, की गौरीताईंची भूमिका?

तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, स्वतः तृतीयपंथी असलेल्या श्रीगौरी सावंत पडद्यावर दोन तऱ्हांनी आल्या. २०१७च्या विक्सच्या जाहिरातीत त्या स्वतः होत्या. २०२३च्या ‘ताली’ मालिकेत त्यांची भूमिका सुश्मिता सेनने केली.

‘ताली’ला सहा भागांची ऐसपैस जागा मिळाली. बालपण, घर सुटणं, कोर्टाची लढाई, सगळं त्यात येतं. आपली लिंगओळख आपण ठरवायची, हा हक्क सुप्रीम कोर्टाने २०१४ साली मान्य केला, हे पंचवटीतल्या माझ्या मावशीला त्या मालिकेमुळेच कळलं. सुश्मिता होती म्हणून तिने ती लावली, हेही खरं.

पण माझ्यापुरतं विचाराल, तर जाहिरातच. बसमधली मुलगी आपल्या आईबद्दल बोलत राहते. आईचा चेहरा उशिरा दिसतो, आणि तोवर आपण तिला ‘आई’ म्हणून मानलेलं असतं. मी ती नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर बसची वाट बघताना मोबाइलवर पाहिली. तेव्हा घरी काहीच सांगितलं नव्हतं. साडी नेसायचे ती दाराला कडी लावून. त्याआधी पडद्यावर माझ्यासारखी बाई आली की थिएटरात हशा ठरलेला. इथे हनुवटी, हात, सगळं तिचं स्वतःचं होतं. माझ्यासारखीचं कुणी लेकरू असू शकतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. बस आली, गेली, मी बाकावरच होते.

म्हणून घरच्यांना दाखवायची तर मालिका, आणि कडी लावून बसलेल्या पोरीला ती जाहिरात.

मालिका संपली त्या रात्री मावशीचा फोन आला. म्हणाली, “तुला आता काय नावाने हाक मारू गं?”