ग्रुप फोटो म्हणून व्हिडिओतून कापलेले चेहरे

गिरणाकाठच्या एका घरी वैशाखात मुलीचं लग्न लागलं. बुकिंगच्या वेळी फोटोवाल्याने सांगितलेलं पॅकेज भरघोस होतं: दोन फोटोवाले, एक व्हिडिओवाला, ड्रोन आणि चाळीस पानांचा करिझ्मा (जाड पानांवर थेट छापलेला) अल्बम. निम्मे पैसे आगाऊ गेले. अल्बम आला तेव्हा नवरा-नवरीचे आणि हळदीचे फोटो सुरेख होते. पण भाऊकीचा, मामांकडचा आणि चारही फुयांचा (आत्यांचा) एकत्र असे सगळेच ग्रुप पुसट होते, नाक-डोळेही धड ओळखू येत नव्हते. ते फोटो नव्हतेच. व्हिडिओतली एकेक फ्रेम काढून, ताणून पानावर बसवली होती.

खानदेशात तिथी दाट आली की ही फसवणूक हमखास होते. एकच जण एका दिवशी तीन ऑर्डरी घेतो. चांगला माणूस एका लग्नाला जातो आणि बाकी ठिकाणी रोजाने आणलेली पोरं जातात. ठरलेल्या दोनांपैकी दुसरा फोटोवाला येतच नाही. स्टेजवर दोन-तीन कॅमेरे दिसतात, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. त्यांतला फोटोचा कॅमेरा एकच आहे आणि तो नवरीमागे फिरतोय, हे कुणी मोजत नाही. कात्री लागते ती ग्रुपांनाच. माणसं गोळा करून रांगा लावणं कष्टाचं काम आहे, आणि पावतीवर ग्रुपांचा उल्लेखही नसतो.

ओळखायचं असेल तर अल्बम पाहू नका, मूळ फाइल उघडा. फोटोच्या कॅमेऱ्याची फाइल साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलची असते. फुल एचडी व्हिडिओची फ्रेम १९२० बाय १०८० ची, म्हणजे जेमतेम २० लाख पिक्सेल. दहा जण ओळीने उभे असतील तर एका चेहऱ्याच्या रुंदीला शंभर पिक्सेलही येत नाहीत. उलट, १२ बाय १८ इंचाचं पान नीट छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. फाइल ताणून मोठी केली असेल, तरी तिच्या माहितीत कॅमेऱ्याचं मॉडेल, शटर आणि लेन्स यांच्या जागा बहुधा रिकाम्या सापडतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेल्या प्रतीवर ही तपासणी होत नाही, कारण तिथे पिक्सेल घटतात आणि माहितीही गळते. मूळ फाइल पेनड्राइव्हवरच मागा.

दुसरा प्रकार फसवणुकीचा नसून अडाणीपणाचा असतो, नुकसान मात्र तेवढंच. रोजाने आलेल्या पोराकडे ५० एमएमची एकच लेन्स असते आणि ती कायम १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) पुरतं उघडं. फुल फ्रेम कॅमेऱ्याने चार मीटरवरून काढलं तर सगळी मिळून सत्तरेक सेंटिमीटर खोलीच स्पष्ट येते. तीन रांगा उभ्या केल्या की मागचे मामा धूसर होणारच. ग्रुपला छिद्र लहान, ५.६ ते ८ हवं, फोकस पुढून एक तृतीयांश आत हवा, आणि संध्याकाळनंतर स्टँडवर दोन फ्लॅश हवेत. वीस माणसांच्या ग्रुपचे किमान पाच फोटो काढावे लागतात, कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

आगाऊ देण्याआधी दोन गोष्टी करा. निवडक फोटोंचा नमुना पाहून भुलू नका. एका अख्ख्या लग्नाचे सगळे फोटो दाखवायला सांगा आणि त्यात फक्त ग्रुप बघा. मग पावतीवर लिहून घ्या: कोण येणार त्याचं नाव, ग्रुपांची यादी, फोटो कॅमेऱ्याने काढलेले असतील आणि मूळ फाइली आठ दिवसांत मिळतील. तीस टक्के आगाऊ, चाळीस लग्नाच्या दिवशी आणि उरलेले तीस फाइली उघडून तपासल्यावर द्या. त्याच रात्री कार्डं आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेता आली तर फारच उत्तम.

एका ग्रुपला तीन मिनिटं धरा. पंधरा ग्रुपांना पाऊण तास झाला. गोरज मुहूर्त असेल तर मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणून वधूपक्षाचे ग्रुप साडेपाचला सुरू करा. कार्यालयाच्या पूर्वेकडच्या भिंतीला तेव्हा सावली असते. वरात वेळेवर येईल असं धरून चालू नका. वरपक्षाचे आणि दोन्हीकडचे मिळून सहा-सातच ग्रुप अक्षता पडल्यावर लगेच, पंगतीआधी उरका. जेवण झालं की लांबच्या गाड्या सुटतात. म्हातारी माणसं आधी, खुर्च्यांवर. स्टेजवर घ्यायचे असतील तर मागची एलईडी वॉल तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर फोटोत आडवे पट्टे येतात. आणि दोन्ही बाजूंनी भाऊकीची नावं पाठ असलेला एखादा जिभाऊ (घरातला जाणता माणूस) हाका मारायला नेमा. फोटोवाल्याला तुमची फुई कोण ते कसं कळणार?

मूळ फाइलींसाठी वरून पैसे मागणारेही भेटतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो. वेगळा करार असेल तरच नाही. म्हणून पावतीच्या मागची बारीक अक्षरं सही करण्याआधी वाचा.

तरीही फसवलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील सक्तीचा नाही. सोबत पावती, पैसे पाठवल्याचे पुरावे, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि फाइलींची माहिती दाखवणारे स्क्रीनशॉट जोडा. फोटोवाल्याने दिलेला पेनड्राइव्ह तसाच ठेवा, त्यातली एकही फाइल पुसू नका.